दर दहा सेकंदांनी

चौदा मे, मंगळवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आल्डेझाईल नगरपालिकेनं अधिकृतरीत्या जाहीर केलं, की आपल्याला योरित आवडतो. बारा पन्नासला नगरपालिकेनं ती सूचना काढून टाकली. काढून टाकलेली सूचना कधी दिलीच नव्हती असं समजावं, असा नगरपालिकेचा नियम आहे. तेव्हा असं काही घडलेलं नाही.

जे घडलेलं नाही ते नीट कळायचं तर मार्चपासून सुरुवात करायला हवी.

रेन्स्के पोस्तुमा नगरपालिकेच्या माहिती विभागात काम करायची. म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक रबराचं झाड आणि रेन्स्के. या चौघांना मिळून 'विभाग' म्हणत. गावातल्या सूचना लिहायच्या, त्या संकेतस्थळावर चढवायच्या आणि त्यांचं फीड नीट चालतंय की नाही ते बघायचं, हे तिचं काम.

फीड म्हणजे सूचनांची एक लांबलचक यादी. प्रत्येक सूचनेला मथळा, तारीख आणि स्वतःचा एक ओळखक्रमांक. ही यादी कोणाच्या दारात जात नाही, आपल्या जागी बसून असते. लोकांच्या घरच्या संगणकांतले वाचक-प्रोग्रॅम तासाभरानं येतात, "नवीन काही आहे का?" म्हणून विचारतात, असेल ते उचलतात, नसेल तर निघून जातात. जाहिराती नाहीत, गळ्यात पडणं नाही, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून मागे लागणं नाही. रेन्स्केला हे फार सभ्य वाटायचं. आपल्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात तिला जे तरुण भेटले होते, त्यांच्यापेक्षा तर कितीतरी.

आलेला प्रत्येक प्रोग्रॅम जाताना सर्व्हरच्या नोंदवहीत आपलं नाव सोडून जातो. तशी पद्धतच आहे. मार्चमधल्या एका सोमवारी रेन्स्केनं ती नोंदवही उघडली आणि तिला दिसलं:

'योरितचा वाचक. पूल क्रमांक दोन. त्रास होत असल्यास कृपया सांगावे.'

त्याच्या खालीही तेच, त्याच्याही खाली तेच. दर दहा सेकंदांनी एकदा, दिवसाला आठ हजार सहाशे चाळीस वेळा एक प्रोग्रॅम येऊन 'नवीन काही आहे का?' विचारत होता, आणि तितक्याच वेळा 'त्रास होत असल्यास कृपया सांगावे' म्हणत होता.

त्रास होतच होता. रेन्स्केनं सर्व्हरच्या वतीनं रीतसर तक्रार लिहिली, छापली, घडी करून खिशात घातली आणि सायकलवर टांग टाकली. वारा समोरून होता. आल्डेझाईलमध्ये वारा जाताना समोरून असतो आणि येतानाही समोरूनच असतो. याबद्दलही कोणी तरी तक्रार लिहायला हवी.

कालव्यावरचा हा पूल नाव आली की वर उचलावा लागे. त्याच्या टोकाला कपाटाएवढी एक काचेची खोली होती. तिनं काचेवर टकटक केलं. दार उघडलं, आणि निळ्या स्वेटरमधला एक लांबोडका तरुण बाहेर डोकावला. केसांना बहुधा कंगव्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

"पूल उघडायचाय?"

"मी सायकलवर आहे."

त्यानं सायकलकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "मग नको उघडायला. वरूनच जा तुम्ही."

"योरित तुम्हीच का?"

"हो."

"मी नगरपालिकेच्या माहिती विभागातून आले आहे. तुमचा प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी आमच्याकडे येतो."

त्याचा चेहरा असा खुलला की जणू मुलगा परीक्षेत पहिला आल्याचं कळलं. "पोचतो का? खरंच? तीन महिने झाले... कोणी काही बोललंच नाही. मला वाटलं मध्येच कुठे भरकटतोय."

"आमच्या महिन्याला चार सूचना असतात," रेन्स्के शक्य तितक्या कोरडेपणानं म्हणाली.

"हो ना. पण कधी येणार ते तुम्ही आधी सांगता कुठे?"

यावर छापील तक्रारीत काही उत्तर नव्हतं.

"आत या, भिजताय," तो म्हणाला. तेव्हा तिला कळलं की रिमझिम सुरू झाली होती.

आत एक खुर्ची, एक कॉफीचं भांडं, पूल वर-खाली करायच्या दोन कळा आणि बस थांब्यावरून काढलेली एक जुनी दिव्यांची पाटी होती. पाटीचं तोंड पाण्याकडे होतं. रेन्स्केनं वाकून पाहिलं. केशरी अक्षरं सरकत होती: 'हिरव्या कचऱ्याची गाडी या आठवड्यात गुरुवारऐवजी शुक्रवारी येईल.'

"पूल उघडायला चार मिनिटं लागतात," योरित म्हणाला. "तेवढा वेळ नाववाले नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मला फार अवघडल्यासारखं होतं. म्हटलं, वाचायला द्यावं काहीतरी. हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"'गुरुवारऐवजी'. 'गुरुवारी येणार नाही, शुक्रवारी येईल' असं लांबण लावता आलं असतं. तुम्ही 'ऐवजी' टाकलंत. छान आहे."

चार वर्षं रेन्स्के कचऱ्याच्या गाडीबद्दल लिहीत होती. तिच्या कचऱ्याच्या गाडीला आजवर कोणी छान म्हटलं नव्हतं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते तिला सुचेना. खोलीत दुसरीकडे फक्त योरितच होता.

त्यानं कॉफी दिली. बिस्किटांचा डबा पुढे केला. तिनं एक घेतलं. आता डबा बंद होणार, हे जगातल्या कोणालाही माहीत असतं. एका कॉफीबरोबर एकच बिस्कीट, ही तिथली रीत. पण योरित डबा तसाच उघडा धरून बसला. बऱ्याच वेळानं तिनं दुसरं बिस्कीट घेतलं. दोघंही एकमेकांकडे न बघता कानापर्यंत लाल झाले.

"बरं... तुमचं काही काम होतं ना?" त्यानं विचारलं.

"नाही, काही नाही. पोचतो, एवढंच सांगायला आले होते."

तक्रार खिशात भिजून घरी गेली.

त्यानंतर आल्डेझाईलमध्ये अचानक बऱ्याच घडामोडी होऊ लागल्या. महिन्याला चार सूचना यायच्या त्या आठवड्याला चार येऊ लागल्या. ध्वजस्तंभाला नवीन दोरी बसवली. ग्रंथालयाच्या दाराची करकर थांबली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेन्स्केनं लिहिलं, 'पूल क्रमांक दोनजवळ बदकिणीला नऊ पिल्लं झाली आहेत. नावा जपून न्याव्यात. अधिक माहितीसाठी कचेरीच्या वेळेत संपर्क साधावा.' ही शेवटची ओळ प्रत्येक सूचनेखाली आपोआप यायची. ती कशी काढायची हे नगरपालिकेत कोणालाच माहीत नव्हतं.

अर्ध्या मिनिटानं तिनं सहज म्हणून नोंदवही उघडली. फीडची वाट एकाच बाजूनं जाते. वाचणाऱ्याला उत्तर देता येत नाही. पण प्रोग्रॅमनं सांगायचं नाव मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

'योरितचा वाचक. पूल क्रमांक दोन. पिल्लं आठच आहेत. मोजली.'

दहा सेकंदांनी पुन्हा: पिल्लं आठच आहेत. मोजली. रेन्स्केनं ओठ दाबून दुरुस्तीची सूचना काढली. पिल्लं नवाऐवजी आठ. दुपारी नाव बदललं:

'योरितचा वाचक. नववं सापडलं. माझ्या बुटात होतं.'

तिनं दुरुस्तीची दुरुस्ती काढली. दुसऱ्या दिवशी:

'योरितचा वाचक. "जपून" हे फक्त नावांसाठी आहे, की पूलवाल्यांनीही जपून राहायचं?'

रेन्स्केनं रबराच्या झाडाला पाणी घातलं. ते आधीच घालून झालं होतं. मग तिनं सूचना लिहिली: 'पूल क्रमांक दोनच्या परिसरात सर्वांनीच जपून राहावे.'

एकच वाक्य एखादा माणूस दिवसातून आठ हजार वेळा बोलू लागला तर आपण पोलिसांना कळवू. पण रेन्स्के संध्याकाळी निघताना नोंदवही वरून खालपर्यंत सरकवायची, आणि ते वाक्य पावसाच्या धारेसारखं डोळ्यांपुढून वाहत जायचं. मग सत्तावीस एप्रिलला नोंदवहीत आलं: 'योरितचा वाचक. सकाळी शिट्टी वाजवत गेलीस. ऐकली.'

गेलीस! 'गेलात' नव्हे, गेलीस. ती दर दहा सेकंदांनी पुन्हा पुन्हा 'गेलीस' होत राहिली.

मग दोघं एकमेकांना 'अगं-अरे' करू लागले. ती जाता-येता खोलीत डोकावायची, डबा उघडा राहायचा. पण जो शब्द बोलायचा तो काही कोणी बोलेना. योरित पुलाच्या कळांबद्दल बोलायचा. रेन्स्के ओळखक्रमांकांबद्दल. "क्रमांक एकदा दिला की आयुष्यात बदलायचा नाही," ती सांगायची, "बदलला तर वाचकाला वाटतं, ही कोणी नवीनच आहे." आणि योरित तिच्याकडे असा बघत राहायचा, की ओळखक्रमांकासारखी नाजूक गोष्ट जगात दुसरी नसावी.

अशात हुक्स्त्राबाईंनी वार्षिक अहवाल लिहिला.

हुक्स्त्राबाई रेन्स्केच्या वरिष्ठ. फीड बंद करून सगळं एका मोठ्या कंपनीच्या पानावर टाकावं, असा ठराव नगर परिषदेत यायचा होता. तसं झालं तर माहिती विभागही बंद होणार, आणि रेन्स्केची बदली प्रांताच्या कचेरीत, चाळीस किलोमीटरवर, वाहनतळ परवाने विभागात होणार. तिथे सूचना लिहीत नाहीत. तिथे शिक्के मारतात. हुक्स्त्राबाईंना हे नको होतं. रबराचं झाड त्यांनी दिलेलं होतं. म्हणून त्यांनी नोंदवहीतल्या ओळी मोजल्या आणि अहवालात लिहिलं: 'रोजचे वाचक: नऊ हजार आठशे.'

आल्डेझाईलची वस्ती तीन हजार शंभर आहे. गाई वेगळ्या.

"बाई, या ओळी आहेत," रेन्स्के घाबरून म्हणाली. "माणसं नाहीत."

"ओळीमागे माणूस असेलच ना?"

"असतो... पण पुष्कळ ओळींमागे एकच असतो."

"किती पुष्कळ?"

रेन्स्केनं आकडा सांगितला. हुक्स्त्राबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि हा गृहस्थ कोण?"

"पूलवाला."

"त्याला दुसरं काही काम नाही?"

"आहे, बाई. नाव आली की असतं."

सहा मेच्या बैठकीत एका सभासदानं विचारलंच, की वस्तीच्या तिप्पट वाचक आले कुठून. परिषदेनं ठरवलं: पंधरा मेपर्यंत पन्नास वाचक दाखवा. ओळी नकोत. नाव, पत्ता आणि चेहरा असलेले पन्नास. नाही तर फीड बंद.

आता फीडचं वैशिष्ट्यच असं, की वाचणारा कोण ते कळत नाही. तो येतो, घेतो, जातो. रेन्स्केला इतके दिवस जे सभ्य वाटत होतं, ते एकाएकी फार गैरसोयीचं वाटू लागलं.

ती सरळ पुलावर गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. "खरं सांगू? त्या दिवशी मी तक्रार द्यायला आले होते."

"मग दिली का नाहीस?"

"तुला 'ऐवजी' आवडलं म्हणून."

योरितनं बिस्किटांचा डबा खाली ठेवला. "म्हणजे इतके दिवस..." तो हळूच म्हणाला, "मी एकटाच गर्दी होतो."

"तसं नाही रे..."

"तसंच आहे. उद्या कोणी ती नोंदवही तपासली आणि त्यातून बदकाची पिल्लं निघाली, तर नोकरी तुझी जाईल. माझी नाही." त्यानं तिच्यादेखत कळफलक ओढला. दहा सेकंदांचा एक तास केला. दर तासाला पाचव्या मिनिटाला, एकदाच. आणि नाव पुन्हा साधं केलं: 'योरितचा वाचक. पूल क्रमांक दोन.' पिल्लं नाहीत, बूट नाहीत, शिट्टी नाही.

"इतकं कशाला?" ती म्हणाली.

"तासाला एकदा, असं नियमात आहे."

नियमात होतंच. त्यामुळे तिला आणखीच राग आला. ती डबा न बघता निघून गेली, आणि तो हाक न मारता बसून राहिला. दोघांनाही वाटलं की दुसरं कोणी तरी काहीतरी बोलेल. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

आठवडाभर नोंदवही सुनी सुनी वाटत होती. रेन्स्के दर तासाला पाचव्या मिनिटाची वाट बघायची. एक ओळ यायची. कोरडी. मग पुन्हा पंचावन्न मिनिटं नुसतं रबराचं झाड.

असा चौदा मे उजाडला. मुदत उद्याची. रेन्स्केनं ठरवलं, फीडमधूनच वाचकांना विनवायचं: 'प्रिय वाचकहो, उद्या सकाळी दहा वाजता कृपया चेहऱ्यासकट उपस्थित राहावे.' पण एवढी महत्त्वाची सूचना टाकण्याआधी यंत्रणा तपासून बघायला हवी. त्यासाठी वेगळं चाचणीचं फीड होतं, फक्त तिच्या संगणकापुरतं. चाचणीत काय लिहायचं याला नियम नसतो. लोक 'अबकड' लिहितात, 'एक दोन तीन' लिहितात. रेन्स्केनं लिहिलं:

'मला योरित आवडतो. मला योरित फार आवडतो. चाचणी समाप्त.'

लिहिल्यावर बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदा भूक लागली. तिनं कळ दाबली आणि चीज घातलेला पाव आणि ताकाचा पेला घेऊन ती मागच्या अंगणात उन्हाला जाऊन बसली. चाळीस मिनिटं.

ती आत आली तेव्हा फोन वाजत होता.

"नमस्कार, माहिती विभाग."

"मी सिपके बोलतोय, जुन्या गिरणीमागचा," एक म्हातारा आवाज म्हणाला. "पोरी, खाली लिहिलंय की अधिक माहितीसाठी कचेरीच्या वेळेत संपर्क साधावा. म्हणून साधला."

"बरं केलंत, आजोबा. कशाबद्दल हवी होती माहिती?"

"योरितबद्दल. पुलावरचाच ना? कारण दूध केंद्रावर पण एक योरित आहे. त्याला तीन मुलं आहेत. म्हटलं, कुठे बोलण्याआधी खात्री करून घ्यावी."

रेन्स्केच्या हातातला ताकाचा पेला टेबलावर कसा पोचला ते तिला आठवत नाही. पडद्यावर बघितलं तर चाचणीच्या फीडमध्ये काहीच नव्हतं. जे होतं ते खऱ्या फीडमध्ये होतं, नगरपालिकेच्या मुद्रेसह.

"आजोबा, ते चुकून गेलंय!"

"म्हणजे आवडत नाही?"

"...फोन ठेवते, आजोबा."

तिनं सूचना काढून टाकली. पण फीडमधून काढली म्हणून लोकांच्या संगणकांतून निघत नाही. ज्यानं उचललं त्याच्याकडे ते राहिलंच. हे तिला इतर कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि घाबरलेला माणूस करू नये ते करतो, तसं तिनं केलं. मागमूस उरू नये म्हणून 'संपूर्ण यादी नव्याने तयार करा' ही कळ दाबली.

यादी नव्यानं तयार झाली. चार वर्षांतल्या दोनशे तेरा सूचना, काहीही फेकून न देणाऱ्या नगरपालिकेनं जपून ठेवलेल्या, सगळ्या नवीन ओळखक्रमांक आणि आजची तारीख घेऊन बाहेर पडल्या. वाचक-प्रोग्रॅम आले, विचारलं, 'नवीन काही आहे का?'

आहे, फीड म्हणालं. भरपूर आहे.

फोन पुन्हा वाजला.

"पोरी," सिपके आजोबांचा आवाज आता कापरा झाला होता. "पुलाखाली बर्फ सोळा सेंटिमीटर?"

"आजोबा, मे महिना आहे!"

"मला माहीत आहे मे आहे. पण नगरपालिका सांगते आहे म्हणजे काहीतरी असेल. मी बर्फावरचे स्केट शोधतोय."

तिनं फोन ठेवला, डोकं टेबलावर टेकवलं, आणि मग तिला एकदम काहीतरी सुचून तिनं नोंदवही उघडली. कोण कधी येऊन गेलं? सूचना बारा दहा ते बारा पन्नास या वेळात होती. आणि योरितचा वाचक आला होता बारा वाजून पाच मिनिटांनी. त्यानंतर थेट एक वाजून पाच मिनिटांनी. दहा सेकंदांचा जुना नियम असता तर त्यानं ती दोनशे चाळीस वेळा वाचली असती. साऱ्या गावात एकट्या योरितला ती मिळाली नव्हती.

वाचले, असं रेन्स्के मनाशी म्हणाली. मग तिला वाटलं, हे वाचणं आहे, की बुडणं?

आल्डेझाईलमध्ये काहीही असलं तरी ते पूल क्रमांक दोनजवळच असतं, कारण नगरपालिकेसमोर जागा नाही. फुकट खत तिथेच मिळतं, पुराच्या वेळी वाळूच्या पिशव्या तिथेच, हरवलेला पोपट सापडला तोही तिथेच ठेवलेला होता, तीन वर्षांपूर्वी. तेव्हा अडीच वाजता पुलाच्या अलीकडे काठावर जी गर्दी जमली, तिच्यात कोणी हातगाडी आणली होती, कोणी फावडं, एका बाईनं रिकामा पिंजरा आणला होता, आणि सिपके आजोबा खांद्यावर स्केट टाकून पाण्याकडे बघत उभे होते. पाणी हलत होतं. "पातळ दिसतोय," ते म्हणाले.

योरितची पाटी केशरी अक्षरांत शांतपणे सांगत होती की फ्लूची लस सोमवारी आहे.

"काय झालंय तुम्हाला सगळ्यांना?" योरित खोलीतून बाहेर येऊन विचारत होता. "आणि असं काय बघताय माझ्याकडे?"

"काही नाही," पिंजरेवाली बाई म्हणाली आणि हातगाडीवाल्याला कोपरानं ढोसलं. "केस विंचर रे जरा."

"का?"

"असंच."

त्यातच एक मालवाहू बोट आली आणि तिनं भोंगा दिला. योरितला माणसं बाजूला सारावी लागली, फाटकं लावावी लागली. पूल उचलला जात होता तेवढ्यात गर्दीचं कळून पलीकडच्या काठावर रेन्स्के सायकलवरून धापा टाकत पोचली. मध्ये तीस हात पाणी आणि आकाशाकडे उभा राहिलेला रस्ता.

आणि अलीकडच्या गर्दीत, वही-पेन्सिल घेऊन, हुक्स्त्राबाई.

वाहतूक खोळंबल्याची तक्रार आली म्हणून त्या आल्या होत्या. पण आल्डेझाईलमध्ये एका जागी इतके चेहरे एकदम दिसल्यावर त्या थबकल्या.

"तुम्ही इथे कसे?" त्यांनी हातगाडीवाल्याला विचारलं.

"खताची सूचना आली ना. फीडमधून."

हुक्स्त्राबाईंनी पेन्सिल जिभेला लावली. "नाव? पत्ता?" मग पिंजरेवाली. मग फावडेवाला. वाचक खरा की बघ्या, हे ठरवायला त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "आज दुपारी बाराच्या सुमाराला फीडमध्ये काय आलं होतं?"

प्रत्येक जण खोकला. प्रत्येकानं आधी योरितकडे पाहिलं, मग पलीकडे रेन्स्केकडे, मग आपल्या बुटांकडे. तेवढं उत्तर बाईंना पुरत होतं.

"ते काढून टाकलंय," सिपके आजोबा म्हणाले. "त्यामुळे मी वाचलेलं नाही. पण माझ्याकडे आहे."

"एकोणपन्नास," हुक्स्त्राबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मोजले. एकोणपन्नासच. मग त्यांची नजर योरितवर गेली. "तुम्ही. ते आठ हजार सहाशे चाळीस तुम्हीच ना? अजून वाचता?"

"दर तासाला, बाई."

"मग आज बाराच्या सुमाराला काय आलं होतं?"

योरितनं आठवून पाहिलं. "बारा पाचला काही नव्हतं. एक पाचला दोनशे तेरा आल्या."

"मधलं?"

"मधलं कोणतं?"

सबंध काठ पुढे झुकला. बोटीचा कप्तानही भोंग्यावरचा हात काढून ऐकू लागला.

"तर मग मी तुम्हाला धरू शकत नाही," हुक्स्त्राबाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली नाही, पण मिटण्याच्या बेतात आणली. "एकोणपन्नास. उद्या फीड बंद. पोस्तुमाबाई परवाने विभागात."

योरितनं पाण्यापलीकडे पाहिलं. "रेन्स्के!" तो ओरडला. "मधलं काय होतं?"

रेन्स्केनं सायकलची मूठ घट्ट धरली. काय होतं, हे एकोणपन्नास लोकांना पाठ होतं. ज्याच्यासाठी होतं त्याला तेवढं सांगायचं राहिलं होतं, आणि मध्ये तीस हात पाणी, एक बोट आणि समोरून वारा.

"चाचणी होती!" ती ओरडली.

"कसली?"

"यंत्रणेची!"

"बरोबर सांग गं, पोरी," सिपके आजोबा गर्दीतून ओरडले. "दोन वाक्यं होती!"

तिनं डोळे मिटले. "मला योरित आवडतो!" ती ओरडली. "आणि... मला योरित फार आवडतो!"

बोटीच्या कप्तानानं टोपी काढली. योरित मात्र हलला नाही. तो आपल्या खोलीच्या दारात तसाच उभा राहिला. मग आत जाऊन त्यानं कळ दाबली. पूल खाली यायला चार मिनिटं लागतात. आल्डेझाईलच्या इतिहासात इतकी लांब चार मिनिटं झालेली नाहीत. पिंजरेवाल्या बाईनं एकदा नाक ओढलं.

पूल टेकला. बोट पुलाच्या अलीकडेच अडकून पडली हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कप्तानाच्याही नाही. दोघं मधोमध येऊन थांबले. योरितनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, मग वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलला. बरंच बोलला. इतक्या दिवसांत सर्व्हरला सांगता न आलेलं एकदम सांगायचं असल्यासारखा बोलला. रेन्स्के हसली, मग रडली, मग तिनं त्याचे केस दोन्ही हातांनी विंचरायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"काय म्हणाला?" हुक्स्त्राबाईंनी काठावरून विचारलं. "नोंदीसाठी हवं आहे."

"खाजगी आहे, बाई!"

"मग पन्नासावा कसा धरू?"

"त्याला मिळालंय, असं धरा!"

हुक्स्त्राबाईंनी क्षणभर विचार केला. मग वहीत 'पन्नास' लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि चष्मा पुसला. या खेपेला तो पुसायची खरोखरच गरज होती.

परिषदेनं पंधरा मेला फीड चालू ठेवलं. सोळा मेला सकाळी नवीन यादीतली पहिली नवीन सूचना निघाली. ती अशी:

'पूल क्रमांक दोनच्या खोलीत रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा या वेळात माहिती विभागाचे तांत्रिक कामकाज चालेल. त्या वेळी पुलावरून जाणाऱ्या सर्व नागरिकांना, तसेच नावेत उभे राहून माना उंच करणाऱ्या प्रवाशांना विनंती करण्यात येते, की त्यांनी खोलीच्या काचेकडे पाहू नये, काठावर घोळक्याने थांबू नये आणि घरून खुर्च्या आणू नयेत.'